सिस्टर, किल्ली कुणाकडे?

सकाळी उठल्या उठल्या तुम्ही पहिलं काम काय करता? मोबाइल बघता. उगाच 'मी आधी सूर्यनमस्कार घालतो' वगैरे थापा नकोत, सगळेच बघतात. व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टा, बॉसचा रात्री दोनला आलेला मेल... अमेरिकेत अशा कितीतरी नर्सेस आहेत ज्या सकाळी डोळे चोळत एकच अ‍ॅप उघडतात आणि एकच गोष्ट बघतात, आज माझा नंबर लागलाय का? लागला असेल तर त्याच दिवशी ठरलेली लॅब गाठायची. तिथं बऱ्याचदा दुसऱ्या एका बाईच्या नजरेसमोर लघवीचा नमुना द्यायचा. पैसे स्वतःच्या खिशातून. नंबर उद्या परत लागू शकतो, किंवा पंधरा दिवस लागणारही नाही. बघायला विसरलात तर त्याचीही नोंद होते. आणि हे आठवडा-दोन आठवडे नाही हं, तीन ते पाच वर्षं!

गुन्हेगार आहेत का या? नाही. या व्यसनात अडकलेल्या नर्सेस आहेत. कुणी दारूत, कुणी गोळ्यांत, कुणी वॉर्डातल्याच वेदनाशामक इंजेक्शनात. तिथल्या राज्यांच्या नर्सिंग बोर्डांनी त्यांच्यासमोर एक सौदा ठेवलाय. उपचार घे, आमच्या देखरेखीखाली राहा, सांगू ते नियम पाळ. तुझं लायसन्स वाचेल. 'नर्स जॅकी' ही अमेरिकन सीरियल (२००९ ते २०१५) ज्यांनी पाहिलीय त्यांना हे माहीत असेल. ईडी फाल्कोनं रंगवलेली ती जबरदस्त हुशार, जबरदस्त खोटारडी नर्स शेवटच्या सीझनमध्ये याच रांगेत उभी असते.

मी या सीरियलचे सातही सीझन सलग बघितले, ते टाइमपास म्हणून नाही. आमच्या घरात एक जॅकी आहे. माझी धाकटी मावशी.

इथं एक गोंधळ आधीच निस्तरते. आपल्याकडे हॉस्पिटलात 'मावशी' म्हणजे आया, आणि नर्स म्हणजे 'सिस्टर'. तर माझी मावशी ही सिस्टर. जीएनएम केलं, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नाव नोंदवलं आणि आपल्याच शहरातल्या खासगी हॉस्पिटलांत सतरा वर्षं ड्युट्या केल्या. लहानपणी आम्हा भावंडांत कुणाला ताप आला की डॉक्टरच्या आधी सिडकोतून तिची स्कूटी यायची. घरातली पहिली कमावती बाई. आमच्या आईला स्कूटर शिकवणारी. मास कॉमला अ‍ॅडमिशन घेते म्हटल्यावर घरात जो तमाशा झाला त्यात 'घेऊ दे की तिला' म्हणणारी एकटी.

हे सगळं छापायला तिनंच परवानगी दिलीय. अट एकच, तिचं नाव नको आणि कुठल्या हॉस्पिटलचंही नको.

सुरुवात अगदी साधी झाली. नाइट ड्युटीत एका जाडजूड पेशंटला कूस बदलून देताना तिची पाठ गेली. स्लिप डिस्क. रजा मागितली तर बदली सिस्टर नाही. ड्युटीवरच्या डॉक्टरांनीच एक पेंटाझोसिन लिहून दिलं, दुसऱ्या सिस्टरनं टोचलं, मावशी सकाळपर्यंत उभी राहिली. सगळं रीतसर. नंतर मात्र पाठ दुखायची तेव्हाच नाही, तर आज पाठ दुखेल की काय या भीतीनंही सुई लागायला लागली. मग भीतीचीही गरज उरली नाही. "पेशंटला किती द्यायचं ते कळतं ना मला, मग स्वतःचं कळणार नाही का, असं वाटायचं," ती सांगते. "पण कळणं आणि थांबणं, या दोन्हींच्या मधे अख्खी घाटी मावते गं."

बाहेरच्यांसाठी थोडं हॉस्पिटलचं राजकारण सांगते. अशा औषधांचं एक वेगळं कपाट असतं, कुलुपातलं. जुन्या सिस्टर्स अजून त्याला 'डीडीए'चं कपाट म्हणतात, इंग्रजांच्या १९३० च्या डेंजरस ड्रग्ज अ‍ॅक्टवरून. कायदा बदलून १९८५ मध्ये एनडीपीएस आला, कपाटाचं नाव तेच राहिलं. या कपाटाची किल्ली ज्या सिस्टरच्या खिशात, ती त्या शिफ्टची बॉस. हॅंडओव्हर देताना पेशंटची माहिती जशी देतात तशी किल्लीही देतात, कुप्या मोजून, रजिस्टरवर सही करून. मावशीच्या कमरेला ही किल्ली नऊ वर्षं होती. तिला त्याचा अभिमान होता.

मग एकदा रजिस्टर आणि कपाट जुळलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. मेट्रननं केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं, आणि तिसऱ्या मिनिटाला राजीनाम्याचा कागद पुढं केला. कारण? 'घरगुती अडचण'. कौन्सिलला काही कळवलं नाही, पोलिसांत तर नाहीच. उलट वर एक छानपैकी अनुभवाचं सर्टिफिकेट. मेहनती, प्रामाणिक, सगळं होतं त्यात. आमच्या घरात अक्षरशः सुटकेचा निःश्वास टाकला गेला. आजी म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची." काका वाळूजच्या कंपनीत शिफ्ट इनचार्ज. आता बायको घरी बसेल, दोन-चार महिन्यांत ठीक होईल, असा त्यांचा हिशेब.

बारा दिवसांत मावशीला दुसरीकडं नोकरी लागली. सतरा वर्षांचा अनुभव आणि असलं सर्टिफिकेट, कोण सोडेल? आयसीयू, नाइट ड्युटी. आणि पहिल्याच आठवड्यात, सीनियर म्हणून, किल्ली.

पुढचं ती नेहमी जरा थांबून सांगते. त्या हॉस्पिटलात खुब्याच्या ऑपरेशननंतरचे एक आजोबा होते. "बेड नंबर चार. नाव आठवत नाही, बेड आठवतो. त्या रात्री त्यांच्या वाटचं सगळं औषध त्यांना मिळालं नाही. रात्रभर कण्हत होते, आणि मी त्यांना म्हणत होते, बाबा, दिलंय हो इंजेक्शन, धीर धरा."

मला वाटतं, 'झाकली मूठ' या प्रकाराबद्दल जे काही बोलायचं ते या आजोबांपासून बोलायला हवं. पहिल्या हॉस्पिटलनं मावशीवर दया केली असं आम्हा सगळ्यांना वाटलं होतं. खरं तर त्यांनी अडचण पत्ता बदलून पुढं पाठवली, सर्टिफिकेट जोडून. बेड नंबर चारवरच्या माणसाला कुणी विचारलं नव्हतं.

हे फक्त आपल्याकडं होतं असं नाही. अमेरिकेत डेव्हिड क्वियाटकोव्स्की नावाचा एक टेक्निशियन होता. नर्स नव्हता, पण कॅथलॅबमध्ये फेंटानिल त्याच्या हाताशी असायचं. तो पेशंटची सिरिंज पळवायचा आणि वापरलेली परत ठेवायचा. त्याला हेपॅटायटिस सी होता. आधीच्या एका हॉस्पिटलात तो पकडलाही गेला होता. त्याला तिथून हटवलं गेलं, आणि तो एजन्सीमार्फत दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या हॉस्पिटलात रुजू झाला. २०१२ मध्ये अटक होईपर्यंत चाळीसहून जास्त लोकांना त्याच्यामुळं लागण झाली होती. २०१३ मध्ये त्याला ३९ वर्षांची शिक्षा झाली. तिकडच्या मुठीही झाकलेल्याच होत्या!

फरक इतकाच, की तिथं निदान नर्सेससाठी तरी एक दुसरा रस्ता बऱ्याच आधी आखला गेला होता. १९८२ मध्ये अमेरिकन नर्सेस असोसिएशननं ठराव केला, की व्यसनात सापडलेल्या नर्सला नुसतं हाकलू नका, आधी उपचाराची संधी द्या. पुढच्याच वर्षी फ्लोरिडात असा कार्यक्रम सुरू झाला, मग टेक्सास, कॅलिफोर्निया करत बऱ्याच राज्यांत. फंडा असा: नर्सनं स्वतः कबूल व्हायचं किंवा हॉस्पिटलनं कळवायचं. आधी उपचार. मग कामावर परत, पण अटींवर. सुरुवातीचे काही महिने तिच्याकडं नार्कोटिक्सची किल्ली नाही. नाइट नाही, ओव्हरटाइम नाही. वॉर्डात एक वरिष्ठ तिच्यावर लक्ष ठेवणार आणि बोर्डाला रिपोर्ट पाठवणार. दर आठवड्याला अशाच इतर नर्सेसबरोबर गटाची बैठक. आणि ते सकाळचं अ‍ॅप.

फार गुडी-गुडी चित्र नाही हे. खर्च नर्सचाच, आणि तोही नोकरी गेलेल्या किंवा अर्ध्यावर आलेल्या काळात. टेस्ट इतक्या कडक, की दारूसाठीच्या तपासणीत हातावरच्या सॅनिटायझरचीही शंका येते, म्हणून ते जपून. माउथवॉशवर बंदी. खसखसही बंद, कारण खसखस खाऊन लघवीत मॉर्फिन दिसू शकतं. म्हणजे न्यू जर्सीतली एखादी आपली मराठी सिस्टर या करारात अडकली तर दिवाळीला तिला अनारसाही खाता येणार नाही! (मावशीला हे सांगितलं तर ती पाच मिनिटं हसत होती. मग म्हणाली, "मी नसता खाल्ला. लायसन्स आहे ते.") याहून गंभीर तक्रारीही आहेत. व्यसन सुटावं म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं घेणाऱ्या नर्सेसना इंडियानात या कार्यक्रमातच घेत नव्हते. २०२२ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्यानं हा अपंगांच्या हक्कांच्या कायद्याचा भंग असल्याचं त्या बोर्डाला सुनावलं. म्हणजे मदत आणि जाच यांच्यातली रेघ तिथंही अजून हलतेच आहे.

पण काहीतरी आहे ना! आपल्याकडं बघा. महाराष्ट्र नर्सेस अ‍ॅक्ट १९६६ चा आहे. गैरवर्तन सिद्ध झालं तर कौन्सिल रजिस्टरमधून नाव काढू शकतं. म्हणजे एका टोकाला नाव कट, दुसऱ्या टोकाला गुपचूप राजीनामा. मधलं काही नाही. देखरेखीखाली कामावर परत येण्याचा असा कार्यक्रम आपल्या कौन्सिलकडं नाही. मॉर्फिन-फेंटानिलच्या साठ्याचा हिशेब कसा ठेवायचा ते नियमात तपशीलवार लिहिलंय. तो हिशेब ठेवणाऱ्या बाईचा पाय घसरला तर काय करायचं, ते कुठंच लिहिलेलं नाही.

गंमत म्हणजे आपला मोठा कायदा इतका निर्दय नाही. एनडीपीएसमध्ये ६४-ए नावाचं एक कलम आहे. स्वतः सेवन केल्याचा किंवा अगदी कमी प्रमाणात बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी माणूस सरकारमान्य केंद्रात स्वतःहून उपचाराला तयार झाला, तर त्याच्यावरचा खटला टळू शकतो. उपचार अर्धवट सोडले तर ही सवलत परत काढूनही घेता येते. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा तर दारू आणि ड्रग्जच्या व्यसनातून येणाऱ्या मानसिक अवस्थांना सरळ आजार म्हणतो आणि पेशंटची माहिती गुप्त ठेवायला सांगतो. म्हणजे संसदेला कळलंय. मेट्रनच्या केबिनपर्यंत ते पोचलं नाही.

आपल्या शहराला ड्रग्ज म्हटलं की काय आठवतं? ऑक्टोबर २०२३ मध्ये डीआरआयनं इथं टाकलेले छापे, कोकेन, केटामाईन, शेकडो कोटींचे आकडे. नाहीतर गल्लीबोळात विकल्या जाणाऱ्या 'बटन' गोळ्या आणि पेपरात तोंडं झाकलेल्या पोरांचे फोटो. पांढऱ्या युनिफॉर्ममधली, मुलीच्या डब्यात भेंडी भरून रात्री आठच्या ड्युटीला निघालेली बाई यात कुठं बसतच नाही. म्हणून तर ती इतके दिवस निभावून नेते.

आणि हो, बाई असण्याचाही फरक पडतो. सर्जन विल्यम हॅल्स्टेड हे जॉन्स हॉपकिन्समधलं अमेरिकन शस्त्रक्रियेतलं थोर नाव. आधी कोकेन, मग मॉर्फिन, असं व्यसन त्यांना होतं, आणि जवळच्या सहकाऱ्यांनी ते सांभाळून घेतलं. १९२२ मध्ये गेले तेव्हा ते दंतकथा झाले होते. ऑपरेशनला रबरी हातमोजे आले तेही त्यांच्यामुळं, कॅरोलिन हॅम्पटन नावाच्या त्यांच्या नर्सच्या हाताला औषधांनी पुरळ यायचं म्हणून. (पुढं लग्नच केलं तिच्याशी!) डॉक्टर व्यसनी असला तर विक्षिप्त जीनियस. मावशीला मात्र दुसऱ्या हॉस्पिटलातून काढताना वॉचमननं तिची पर्स सगळ्यांसमोर तपासली.

त्यानंतर ती कोसळली, आणि मग पुण्याला गेली. कुठल्या केंद्रात ते सांगत नाही. पण महाराष्ट्रात या विषयावर बोलताना 'मुक्तांगण'चं नाव घेतल्याशिवाय पुढं जाता येत नाही. अनिल अवचटांनी गर्दच्या विळख्यावर लिहिलं, ते वाचून पु. ल. देशपांडे मदतीला उभे राहिले आणि १९८६ मध्ये पुण्यात हे केंद्र सुरू झालं. ते उभं केलं अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट यांनी, त्या स्वतः मानसोपचारतज्ज्ञ. तिथं बायकांसाठी वेगळा विभागही आहे. पण मला मुक्तांगणची सगळ्यात धाडसी गोष्ट वाटते ती दुसरीच. तिथून बरे झालेले कितीतरी जण तिथंच कार्यकर्ते, समुपदेशक म्हणून काम करतात. घसरलेल्या माणसावर पुन्हा जबाबदारी टाकायची, हे आपल्याच मातीत चाळीस वर्षं चाललंय. ते हॉस्पिटलच्या गेटातून आत कसं न्यायचं, एवढाच प्रश्न आहे.

पुण्याहून परतल्यावर मावशी दीड वर्ष घरी होती. मसाले करून विकले, शेजारच्या आजींची ड्रेसिंग केली. तिचं रजिस्ट्रेशन चालूच होतं, कुणी हात लावला नव्हता. कागदावर ती पूर्ण नर्स. फक्त स्वतःला नर्स म्हणावं की नाही ते तिला कळत नव्हतं, आणि विचारावं असं ऑफिस नव्हतं.

मग गारखेड्यातल्या एका बालरोगतज्ज्ञांकडं जागा निघाली. छोटं क्लिनिक. मुलाखतीत पगाराच्या आधी मावशीनं सगळं सांगून टाकलं. पाठ, किल्ली, बेड नंबर चार, पुणे. डॉक्टर बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "सिस्टर, मी काय करावं असं तुम्हाला वाटतं?" मावशी म्हणते, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी हा प्रश्न विचारला. दोघांनी मिळून प्रिस्क्रिप्शनच्या कागदाच्या मागच्या बाजूला चार ओळी लिहिल्या. औषधाच्या कपाटाची किल्ली सिस्टरकडं नाही. नाइट नाही. सर म्हणतील त्या दिवशी लॅबमध्ये तपासणी, खर्च सिस्टरचा. रिपोर्ट खराब आला तर सर काकांना फोन करणार. खाली दोघांच्या सह्या.

अमेरिकेतली ती जाडजूड कॉन्ट्रॅक्ट्स मी वाचलीयत. मुद्दे हेच असतात.

पहिल्यांदा लॅबला जायची वेळ आली तेव्हाची गोष्ट मला फार आवडते. डॉक्टरांनी साधी पट्टीची टेस्ट लिहून दिली. मावशी दारातून परत फिरली. "सर, या पट्टीत मॉर्फिनच्या जातीचं सापडतं. माझं औषध यात दिसत नाही. मोठी टेस्ट लिहा, बाहेरगावी पाठवावी लागते ती." मोठी टेस्ट महाग होती. तिनं मसाल्याच्या पैशातून भरली. क्लिनिकमधल्या रिसेप्शनिस्टला वाटतं, सिस्टरला शुगर आहे. वाटू दे, म्हणते मावशी.

याला आता तीन वर्षं होतील. रिपोर्टची एक निळी फाइल झालीय. आणि दोन महिन्यांपूर्वी जालना रोडवरच्या एका मोठ्या हॉस्पिटलातून तिला विचारणा झाली. ओळखीच्या सिस्टरनं नाव सुचवलेलं. पगार जवळपास दुप्पट. माझी मावसबहीण बारावीला आहे, तिला बीएस्सी नर्सिंग करायचंय, फी कळल्यापासून काका रोज कॅल्क्युलेटर घेऊन बसतात. ती ओळखीची सिस्टर म्हणाली, "अगं, जुनं उकरून कशाला सांगतेस? तुझं सर्टिफिकेट आहे की चांगलं." आजीचंही मत तेच. काकांनी तोंड उघडलं नाही. आमच्या घरात पंधरा दिवस या एकाच विषयावर कधी कुजबुज, कधी भांडण.

मावशी मुलाखतीला निळी फाइल घेऊनच गेली. मी बरोबर होते, बाहेर सोफ्यावर. एचआरची मुलगी माझ्याच वयाची असेल, नीट कपडे, नीट इंग्लिश, आणि वाईट अजिबात नाही. तिनं फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली. मग कॉम्प्युटरकडं बघितलं, परत फाइलकडं. म्हणाली, "मॅडम, हे कशात भरू? आमच्या फॉर्ममध्ये असा कॉलमच नाहीये." 'मेडिकल हिस्टरी'त भरलं तर इन्शुरन्सला जाईल. 'शिस्तभंग' म्हणावं तर तशी कुठं नोंदच नाही. शेवटी तिनं 'इतर'मध्ये काहीतरी टाइप केलं आणि फाइलची झेरॉक्स ठेवून घेतली. मावशीनं जाता जाता विचारलं, "रुजू झाले तर पहिलं वर्षभर किल्ली माझ्याकडं देऊ नका, एवढं लिहून घ्याल का?" ती मुलगी म्हणाली, "सरांना विचारून कळवते."

त्याला सहा आठवडे झाले. अजून फोन आलेला नाही. मावशी क्लिनिकमध्येच आहे. बुधवारी तिथं लसीकरण असतं, त्यामुळं बुधवारी तिला फोन करायचा नाही, असा आमच्याकडं नियम आहे.